भिंतीकडची बाजू

माझ्या ताईचे यजमान फर्निचरला पॉलिश करतात. गल्लीत सगळे त्यांना 'पॉलिशवाले' म्हणतात, मी भाऊजी म्हणते. नखं कायमची तपकिरी. कितीही साबण लावला तरी हाताचा स्पिरिटचा वास जात नाही. माणूस लाखमोलाचा, पण खरखरीत काही दिसलं की यांच्या हाताला खाज सुटते. कुणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी खुर्चीच्या हातावरून बोटांची उलटी बाजू फिरवून बघणार. माझ्या सासरी पहिल्यांदा आले, सासूबाई 'बसा, बसा' म्हणतायत, आणि हे खुर्ची चाचपत उभे. सासूबाईंना वाटलं, धूळ बघतायत. त्यांनी ते मनात ठेवलं ते अगदी शेवटपर्यंत.

ताईच्या स्वयंपाकघरातले लाकडी चमचे, कपडे वाळत घालायचे चिमटे, झाडूचा दांडा, सगळं यांनी घासून काचेसारखं करून ठेवलंय. मी शिवणकाम करते. एकदा माझी लाकडी मोजपट्टी न विचारता घेऊन गेले आणि दोन दिवसांनी हसत हसत आणून दिली. "बघा मेव्हणीबाई, कशी झालीय!" झाली होती खरी सुंदर. फक्त तिच्यावरचे आकडे गेले होते.

"छान," मी म्हटलं, "आता हिने पाठ खाजवत जाईन."

ते मनापासून हसले. रागावता येत नाही हो अशा माणसावर. निदान तेव्हा तरी येत नव्हतं.

दुसरी त्यांची एक खोड म्हणजे भिंतीकडची बाजू. माझ्या कपाटाला त्यांनीच पॉलिश केलं होतं. घर बदलताना ते पुढे ओढलं तर पाठीमागे कोरं लाकूड, सुताराच्या पेन्सिलच्या खुणांसकट. मी त्यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, "आमच्या धंद्यात कपडा आधी उलटा करून बघतात. उलटी बाजू नीट नसेल तर तोंडावर फेकतात."

"तुमचं गिऱ्हाईक शहाणं. माझं गिऱ्हाईक कपाट उलटं करून बघत नाही. भिंतीला कोण दाखवायला जातंय?"

सगळेच पॉलिशवाले असंच करतात म्हणे. त्यावरून मी त्यांना कित्येक वर्षं छळलं.

मग ताईचे डोळे बिघडले. समोरचं दिसायचं, पण कडेने अंधार आत आत यायला लागला. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, टेबलाच्या कडेचा कप पडायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस टिकवता येतं ते बघू. ताई शांतपणे ऐकत होती. भाऊजी मात्र उठून बाहेर गेले आणि दवाखान्याच्या जिन्यात हमसून हमसून रडले. ताईने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, घरी आणलं. तेव्हापासून त्या घरात डोळ्यांचं नाव काढायचं नाही असं न बोलता ठरून गेलं. कप पडला की भाऊजी धावत यायचे. "मीच कडेला ठेवला होता!" जगातले सगळे कप त्यांनीच कडेला ठेवलेले.

अशात एक दिवस ताई म्हणाली, "मला एक बुद्धाची मूर्ती घ्यायचीय. हाताने केलेली हवी."

तिला काहीतरी हवंसं वाटतंय याचाच भाऊजींना इतका आनंद झाला की कशासाठी हे त्यांनी विचारलंच नाही. मीही नाही. शहरात लाकडाच्या मूर्ती करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो.

लांबट खोली, पायाखाली लाकडाची सालपटं, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीने बसलेले बुद्ध. बाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवून काम करत होत्या. भाऊजी आल्या आल्या परीक्षकाच्या थाटात फिरायला लागले. याच्या भेगांत लांबी नीट भरली नाही, त्याचा रंग एकसारखा उतरला नाही. शेवटी एक तुळतुळीत, चकचकीत मूर्ती त्यांनी पसंत केली. "ही बघ. याला म्हणतात हात."

ताईने बाईंना विचारलं, "हात लावू का?"

"लावा की. लावल्याशिवाय घ्यायचीच नाही."

ताईने चेहऱ्यावरून बोटं फिरवली. "हिच्यावर बोट घसरतं," म्हणाली आणि पुढे गेली. दुसरी उचलली. "हा फार हसतोय. माझं गाऱ्हाणं याला काय पटणार?" तिसऱ्या मूर्तीची मान तिला ताठ वाटली. असं करत करत ती मागच्या फळीपाशी पोचली आणि कोपरापासून मनगटाएवढी एक मूर्ती तिने हातात घेतली. तिच्या अंगावर, चेहऱ्यावरसुद्धा, पटाशीचे वार तसेच दिसत होते. ताईने मान खिडकीकडे वळवली, म्हणजे मूर्तीकडे बघतच नव्हती, आणि किती तरी वेळ गालावरून बोट फिरवत राहिली.

"हीच."

"अगं, ती अपुरी आहे," भाऊजी हळूच म्हणाले.

बाईंना ऐकू गेलं. "पुरी आहे. मला जिथे थांबायचं होतं तिथे मी थांबले."

कागदात गुंडाळताना बाईंनी निगा कशी राखायची ते सांगितलं. पाणी नको, ओलं फडकं नको, ऊन नको. मऊ कोरडा ब्रश फिरवायचा, आणि वर्षातून एकदा बोटाला लागेल एवढं तेल. "बाकी काही करायचं नाही," हे त्या भाऊजींच्या नखांकडे बघत म्हणाल्या. मला हसू आलं होतं.

परत येताना ताई पुढे चालत होती. भाऊजी मला म्हणाले, "अर्धवट माल गळ्यात मारला हिच्या. हिला दिसत नाही ना."

"तिला आवडली ना? झालं तर."

"दिसली असती तर आवडली नसती," ते बोलून गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी पावलं उचलून ताईला गाठलं. या माणसाचं रडू फार जवळ, आणि रस्त्यात कोण समजूत घालणार?

मूर्ती खिडकीपासून जरा आत, भिंतीलगतच्या ठेंगण्या कपाटावर बसली. भाऊजींनी आपल्याकडचा सगळ्यांत मऊ, कोरा ब्रश ताईला दिला. ती रोज दुपारी मूर्तीवरून ब्रश फिरवायची आणि मग तिच्यासमोर बराच वेळ बसायची.

काही महिन्यांनी ऑपरेशन ठरलं. नंतर थेंब वेळच्या वेळी घालायचे होते आणि भाऊजींच्या घरात कायम भुसा आणि स्पिरिटचा वास, म्हणून ताईला मी माझ्याकडे आणलं. भाऊजी रोज संध्याकाळी फळं घेऊन यायचे, पाच मिनिटं टेकायचे, आणि "घरी काम आहे" म्हणून उठायचे. वर गालातल्या गालात हसायचे. बायको पट्टी बांधून पडलीय आणि यांना काम सुचतंय, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या.

एका दुपारी मी शिवत बसले होते. ताई उशीला टेकून बसली होती, आणि तिचं बोट उशीच्या कोपऱ्यावर सारखं फिरत होतं.

"काय चाळा गं हा?"

"चेहरा आठवतेय."

"कुणाचा?"

"मूर्तीचा." ती थोडी लाजली. "डाव्या डोळ्याखालून बोट निघालं ना, की बारीक बारीक उतार लागतात. पायऱ्यांसारखे. मग ओठाशेजारी एक खोल वार आहे, तिथे बोट आपोआप थांबतं. तिथे तो हसतोय हे कळतं."

मी मशीन थांबवलं.

"सगळं जाणार आहे गं," ताई म्हणाली. "हळूहळू जाईल, पण जाईल. माणसांचे चेहरे काही असे चाचपत बसता येत नाहीत, माणसं अवघडतात. म्हणून म्हटलं, एक चेहरा तरी हाताला पाठ करून ठेवावा. डोळे मिटून रोज सराव करते. आता जवळजवळ येतो मला."

"भाऊजींना माहितीय हे?"

"त्यांना सांगू? म्हणजे आधी त्यांनाच सावरत बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ताईचे कपडे आणायला मी त्यांच्या घरी गेले. भाऊजींनी दार उघडलं ते अगदी उड्या मारत. "बरं झालं तुम्ही आलात! डोळे मिटा. मिटा म्हणतो ना!"

मी मिटले. त्यांनी फडकं ओढल्याचा आवाज आला.

मूर्ती झळकत होती. मधासारखा रंग, आणि चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. एक रेघ नाही, एक वार नाही. भाऊजींचं तोंड बंद होत नव्हतं. घासायचा कागद बदलत बदलत किती वेळा घासलं, चपड्याच्या पॉलिशचे किती पातळ हात दिले, कानाच्या पाळीमागे काडीला कापूस गुंडाळून कसं केलं. "इतकी वर्षं लोकांच्या दिवाणांना पॉलिश केलं, पण असं काम हातून झालं नव्हतं. पट्टी निघाली की तिला पहिलं हे दिसलं पाहिजे. बाईंनी अर्धवट सोडलं होतं, मी पुरं केलं."

दुसरी कुणी असती तर पाणी पिऊन, खाली बसून, सांभाळून सांगितलं असतं. मी तापट आहे. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उतार, ओठाशेजारचा वार, उशीवर फिरणारं बोट, सराव. सांगताना माझा आवाज चढतच गेला.

भाऊजी स्टुलावर बसले. हसू अजून तोंडावरच राहिलं होतं, त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रडत बसला असता!"

हे त्यांना फार लागलं. मला दिसलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. ते त्या दिवशी रडलेही नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मूर्ती आपल्या सदऱ्यात गुंडाळून ते मूर्तीवाल्या बाईंकडे निघाले. मीही गेले, कारण हा माणूस त्या अवस्थेत रस्ता कसा ओलांडेल याचा मला भरवसा नव्हता. बाईंनी मूर्ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली, चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"कोणी केलं हे?"

"मी."

"काम चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी थोबाडीत मारली असती तरी भाऊजी इतके खचले नसते. अडखळत त्यांनी विचारलं, पुन्हा तसेच वार घालून मिळतील का? बाई म्हणाल्या, वार घालता येतील, पण ते तेच कसे असतील? तेव्हा हात कसा चालला ते मला आता काय आठवणार? आणि लाकूड आधीच उतरलंय, अजून काढलं तर ओठ राहायचे नाहीत.

मागच्या फळीवर तशाच खरखरीत मूर्ती आणखी होत्या. मी भाऊजींना कोपऱ्यात घेतलं. "साधारण तेवढीच एक उचला आणि गप्प बसा. ताईला म्हणावं, तीच आहे. पट्टीच्या दिवसांत हाताची सवय मोडली असेल, असं वाटेल तिला."

त्यांनी एक उचललीही. डोळे मिटले आणि गालावरून बोट फिरवलं. खरखरीत लाकडावर त्यांचं बोट घासायला न जाता नुसतं फिरताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी ती जागेवर ठेवून दिली.

"तिला एका बोटात कळेल. आणि नाही कळलं तर? तिला फसवून मी रोज तिच्यासमोर जेवायला कसा बसू?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. एका गिऱ्हाइकाचं टेबल अर्धवट घासलेलं तसंच पडलं. भाऊजी दाढी करीनात. संध्याकाळी माझ्याकडे यायचे, दाराशीच बसायचे. ताई विचारायची, "मूर्तीवर ब्रश फिरवता ना हो?" ते 'हो' म्हणायचे. खोटं नव्हतं ते, रोज फिरवत होते. पण ते 'हो' ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटायचं. "यांचं काही बिनसलंय का गं?" ताई मला विचारायची. मी म्हणायची, दमलेत.

पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, होतं तेवढं वाचलंय. ताईला घेऊन मी तिच्या घरी गेले. चपला काढल्या आणि ती सरळ कपाटापाशी गेली. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते.

"चमकतंय काय हे?" ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

डाव्या डोळ्याखाली तिने बोट ठेवलं. बोट घसरून हनुवटीवर आलं. तिने पुन्हा वर नेलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा तिने फार सावकाश नेलं, जसं अंधारात जिन्याची पायरी शोधावी तसं.

"ही कुठली?"

"तीच आहे," भाऊजी म्हणाले. "मी घासली. मला वाटलं तुला अर्धवट माल गळ्यात मारला. तुला नीट दिसलं नाही म्हणून तू ही घेतलीस, असं वाटलं मला." त्यांनी यातलं काहीही गाळलं नाही. हे शेवटचं गाळलं असतं तर चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

ताईने बोट हनुवटीवरून उचललं नाही. मग म्हणाली, "एकदा विचारायचं तरी."

"हो."

"मी ती बघून घेतली होती. तुमच्यापेक्षा नीट बघितली होती."

"हो."

तिने हात मागे घेतला आणि आतल्या खोलीत निघून गेली. ती लगेच माफ करेल असं मी धरून चालले होते, कारण आमच्या घरात माफ करायचं खातं कायम तिच्याकडे होतं. पण त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. चहासुद्धा मला करायला सांगितला, आणि भाऊजींचा कप कुठे ठेवू विचारलं तर म्हणाली, ठेव कुठेही.

मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो. भाऊजी आले ते मूर्ती छातीशी धरून.

"अगं, जरा हात दे."

ताईने दिला नाही. त्यांनी मग मूर्ती फिरवून तिच्या मांडीवर ठेवली, पाठ वर करून.

"इथे मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "भिंतीकडची बाजू. सवयीने राहिली."

मी बघतच राहिले. ज्या कामचुकारपणावरून मी त्यांना आयुष्यभर बोलले, त्यामुळेच तेवढं वाचलं होतं. ताईचं बोट मानेपासून खाली निघालं. वस्त्राच्या चुण्यांवरून, एका वारावरून दुसऱ्या वारावर.

"चेहरा नाही हा," ती म्हणाली.

"नाही."

"पण हात त्या बाईंचाच आहे." मग म्हणाली, "फिरवूनच ठेवा."

तेव्हापासून त्या घरात बुद्ध भिंतीकडे तोंड करून बसलाय. नवीन माणूस आलं की हमखास म्हणतं, अहो, मूर्ती उलटी राहिली वाटतं, आणि उठून सरळ करायला जातं. भाऊजी म्हणतात, "असू द्या. माझ्यामुळे बसलाय तो तसा." पुढे काही सांगत नाहीत. जेवायची जागा नेमकी समोर आहे. रोज दोन वेळा ती पाठ बघत ते जेवतात. ताईने त्यांना कधीच माफ केलंय, तोंडाने सांगूनही झालंय. पण ती म्हणते आणि हे मान हलवतात, एवढंच. ताई पाठीवरून बोट फिरवते. मूर्ती आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून त्या चकचकीत चेहऱ्यावरून ब्रश फिरवायचं काम यांच्याकडे आहे. ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

आता कुणाच्या घरी गेले की ते खुर्ची चाचपत नाहीत, सरळ बसतात. कामावर एक नवंच वेड लागलंय. घासायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक ओरखडा गिऱ्हाइकाला दाखवतात. "हा ठेवायचा का?" लोक वैतागतात. "घालवायलाच तर तुम्हाला बोलावलंय ना?" तरी पुढच्या ओरखड्याला हे पुन्हा विचारतात. दोन गिऱ्हाइकं तुटली त्यापायी.

ताईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. परवा दुपारी मी त्यांच्याकडे कपड्यांना काज करत बसले होते. भाऊजींचा हात फटीत होता, ब्रश फिरत होता. ताई एकदम म्हणाली, "अहो, तो चेहरा मला आता नीट आठवत नाही. ओठाशेजारचा वार होता ना, तो जरा वर होता का? गालाकडे?"

भाऊजींनी ब्रश खाली ठेवला. तिच्यापाशी येऊन बसले. तिचं बोट धरलं आणि आपल्या तोंडावर, ओठांच्या डाव्या कोपऱ्याशेजारी, दाढीच्या खुंटांत टेकवलं.

"इतका खाली?" ताई म्हणाली.

"इथेच," ते म्हणाले. "तो घालवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला."